एकच रस्ता, दोन गाड्या: फियाट आणि मारुती ताडून कशा पाहाव्यात

गोव्यात फोंड्याला आमच्या घरी चवथीच्या दुसऱ्या दिवशी एक भांडण ठरलेलं असतं. काकांची फियाट ११०० डिलाइट १९६६ ची, माझी मारुती ८०० १९८७ ची. नेवऱ्यांचं ताट रिकामं झालं की कुणीतरी काडी टाकतं, ‘पण ह्यांतली खरी गाडी कुठली?’ काका म्हणतात पत्रा बघ. मी म्हणतो ॲव्हरेज बघ. धाकटी भावंडं मोबाइलवर अश्वशक्तीचे आकडे शोधतात. रात्र होते, निकाल काही लागत नाही.

बरीच वर्षं मला ही नुसती गंमत वाटायची. पुढे ओळखीतले दोन-तीन जण जुनी गाडी घ्यायला निघाले आणि सल्ल्याला आले, तेव्हा कळलं की सगळ्यांची चूक तीच आहे. वीस वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या दोन गाड्यांना आपण एकच प्रश्नपत्रिका देतो आणि एकीला नापास करून मोकळे होतो. नवीन माणसानं हे काम कसं करावं, ते माझ्या पद्धतीनं लिहितो. उदाहरण घरच्याच दोन गाड्यांचं घेतलंय. तुमच्यासमोर ॲम्बेसेडर आणि झेन असली तरी रीत हीच.

पहिली पायरी: प्रश्न एकच ठरवा

गाडीजवळ जाण्याआधी वहीत एक ओळ लिहा. मला काय ठरवायचंय? आपापल्या काळात कुठली पुढे होती, हा एक प्रश्न. आज कुठली जास्त मूळ रूपात उरली आहे, हा दुसरा. आणि माझ्या खिशाला, माझ्या शेडला, माझ्या रविवारला कुठली झेपेल, हा तिसरा. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात आणि बहुधा येतातच. आमच्या घरी काका पहिल्याचं उत्तर देत होते, मी तिसऱ्याचं. भांडण मिटणार कसं?

दुसरी पायरी: कागद आणि जन्मसाल

आरसी बुक हातात घ्या आणि चासी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर, गाडीवर शोधा. नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. तो बुकातल्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. इंजिन नंबराचंही तेच. जुन्या फियाटमध्ये कुणी डिझेल इंजिन बसवलेलं असू शकतं. तसं असेल तर पुढची सगळी तुलना निराळी होते.

गोव्यात नंबरप्लेटही बोलते. जुन्या गोव्याच्या गाड्यांचे नंबर ‘जीडी’नं सुरू होतात, कारण तेव्हा गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. ३० मे १९८७ ला गोवा वेगळं राज्य झालं. ‘जीए’ ही अक्षरं त्यानंतरची. गाडी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची सांगितली आणि प्लेट ‘जीए’ची दिसली, तर ती मधल्या काळात दुसऱ्या राज्यातून आली का, किंवा नंबर कधी बदलला, हे शांतपणे विचारा. त्यात वावगं काही नाही, फक्त कागदांची साखळी सलग हवी. परराज्यातून आणायची असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं, तो फॉर्म २८. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०.

आता दोन काळांतला खरा फरक. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, धंद्यात नसलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठी ढवळाढवळ न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या खेपेला ५,०००. नव्यानं मिळणाऱ्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. काकांची फियाट ह्यात बसते. माझी मारुती २०३७ पर्यंत बसत नाही, मग मी तिला कितीही ‘व्हिंटेज’ म्हणो.

पण घाई करू नका. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी, असा नियम आहे. तुम्हाला शांतादुर्गेला जाऊन, वाटेत भजी खाऊन परत यायचं असेल तर साधी नोंदणीच बरी. ती १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी, पासिंग करून, वाढवून घ्यावी लागते. शुल्क मात्र चढलंय. १५ वर्षांवरच्या मोटारीला एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या मोटारीला १०,०००, आणि ती परदेशातून आयात झालेली असेल तर ८०,०००. हा शेवटचा आकडा गोवेकरानं विशेष लक्षात ठेवावा. का, ते पुढे.

तिसरी पायरी: गाडीचा काळ डोक्यात उतरवा

हे केल्याशिवाय चावी हातात घेऊ नये, असं माझं मत. काका हसतात, पण मी ठाम आहे.

साठच्या दशकात भारतात मोटार म्हटली की मोजकी नावं: ॲम्बेसेडर, फियाट, स्टँडर्ड. परवान्याचा जमाना, नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहायची. प्रीमियर ऑटोमोबाइल्स मुंबईत कुर्ल्याला फियाट बनवायची. ११०० डिलाइट तिथे १९६४ पासून बनू लागली. तिलाच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. त्याआधीच्या, पन्नासच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला लोक प्रेमानं ‘डुक्कर फियाट’ म्हणत. अशी गाडी घेणारा माणूस ती मुलाच्या लग्नापर्यंत टिकेल, ह्या हिशेबानं घ्यायचा. म्हणून तिचा पत्रा जाड, इंजिन साधं, आणि पाना-पक्कड असलेल्या कुठल्याही मेस्त्रीला उघडता येईल असं.

गोव्याची गोष्ट मात्र वेगळी. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता, भारताचे आयातीवरचे निर्बंध इथे लागू नव्हते. खाणींचा पैसा होता, मुरगाव बंदर होतं. मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन अशा गाड्या थेट युरोपातून उतरत. त्यामुळे गोव्यातल्या एखाद्या घरी १९६० ची गाडी दिसली तर ती कुर्ल्याची की बाहेरची, हे बोनेट उघडून कंपनीच्या पट्टीवर वाचायचं. फियाट असेल तर पट्टीवर इटलीतलं तूरीन आहे की मुंबई, ते बघा. दोन्हींचं मूळपण वेगळं मोजावं लागतं, आणि मघाशी सांगितलेला ८०,००० चा आकडा इथे आडवा येऊ शकतो.

मारुती ८०० आली १४ डिसेंबर १९८३ ला. इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची चावी दिली, किंमत सुमारे ४७,५०० रुपये. सुझुकीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ओढणारी चाकं पुढे. १९८६ मध्ये तिचं रूप बदललं. आज रस्त्यावर उरलेल्या बहुतेक ८०० त्याच घाटाच्या. तिला प्रश्न वेगळा विचारला गेला होता: स्कूटरवर चौघांना बसवणाऱ्या कुटुंबाला, कमी पेट्रोलमध्ये, रोज सकाळी पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी मिळेल का? ह्या प्रश्नाला तिनं जे उत्तर दिलं ते २०१४ पर्यंत विकलं जात होतं.

चौथी पायरी: आकडे एका मापात आणा

माहितीपत्रकातले आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवू नका. जुन्या काळी अश्वशक्ती बऱ्याचदा पंखा, डायनॅमो, एअर फिल्टर उतरवून, नुसत्या इंजिनावर मोजत. नंतर सगळं लटांबर लावून मोजायची पद्धत आली. म्हणून त्याच इटालियन फियाटला एका कागदावर ५० आणि दुसऱ्यावर त्याहून बरीच कमी अश्वशक्ती दिसते, आणि दोन्ही कागद खरे असतात.

व्यवहारात दोघींची ताकद चाळिशीच्या आसपास धरा. आता वजन. फियाट सुमारे ९०० किलो, मारुती सुमारे ६५०. म्हणजे एका टनामागे फियाटला सुमारे ४४ अश्वशक्ती, मारुतीला सुमारे ६२. फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढावर पुढे काय होणार ते इथेच कळलं. चढाला ह्यापेक्षा जास्त गणित लागत नाही.

पाचवी पायरी: पत्रा

गोव्यात गाडी इंजिनानं मरत नाही, गंजानं मरते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, उरलेले महिने खारी हवा, वर तांबडी धूळ; ती खोबणीत बसते आणि ओल धरून ठेवते. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. अर्धा दिवस गेला तरी चालेल.

फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या. दाराखालचा पट्टा, चाकांवरच्या कमानी, डिकीतली स्टेपनीची खोबण, पुढच्या काचेखालची फट, सगळीकडे फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. लांबी थोडीफार असायचीच, साठ वर्षांत कुणाचा पत्रा कोरा राहतो? पण पट्टाच्या पट्टा लांबीचा असेल तर तुम्ही गाडी बघत नाही, पुतळा बघताय.

मग पायपुसणी उचला. मारुतीचा पत्रा पातळ, तिचा मजला आणि बॅटरीखालचा ताट आधी जातो. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बॉडीला धरलंय तिथला पत्रा बोटानं दाबून बघा. फियाटचा पत्रा जाड, म्हणून ती उशिरा सडते; पण ती वयानंही एकवीस वर्षांनी मोठी, आणि आतून सडते, बाहेर महिनोन् महिने काही दिसत नाही.

दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच वजन पेलतो. म्हणून ही परीक्षा चुकवू नका: सगळी दारं बंद करा, एका बाजूला जॅक लावा, चाक जमिनीवरून सुटू द्या, आणि मग दार उघडून परत लावा. दार अडकलं किंवा फट बदलली, तर खालचा पट्टा नावापुरता उरला आहे.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. माझ्या मावसभावानं परगावाहून एक पांढरीशुभ्र फियाट आणली. रंग असा की त्यात बघून केस विंचरावेत. मी सोबत होतो, इंजिनाचा आवाज ऐकून मीच मान डोलावली. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यानं ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला तर ओला डांबरी कागद हाताला लागला, आणि कागदाखाली थेट अंगणातली जमीन. आमचे फोंड्याचे म्हातारे मेस्त्री वाकून बघत एवढंच म्हणाले, ‘पात्रांव (म्हणजे मालक), तुम्ही गाडी नाय, रंग घेतलात.’

सहावी पायरी: थंड इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन या, किंवा दुसऱ्या दिवशी या.

दोघीही कार्ब्युरेटरच्या, चोक ओढून चालू करायच्या. चालू झाल्यावर नवीन माणूस हमखास एक चूक करतो. मारुती जागच्या जागी थरथरते, फियाट त्या मानानं शांत उभी राहते, म्हणून मारुतीचं इंजिन गेलंय असं तो ठरवतो. अहो, तीन सिलिंडर थरथरणारच. ती नवी होती तेव्हाही थरथरत होती. उलट फियाटच्या टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा, टिकटिकाट ऐकून घाबरायचं कारण नाही. टॅपेट अगदी घट्ट करून आवाज बंद केलेला असेल तर त्याचीच चिंता करा.

धुराचा रंग दोन्हींना सारखा लागू. वेग देताना निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, उतारावर पाय सोडून पुन्हा दाबताना निळा म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूनं ऑइल उतरतंय, आणि गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, पण फियाटचे आकडे मारुतीच्या आकड्यांशी ताडू नका. फियाटचे चार सिलिंडर एकमेकांशी, मारुतीचे तीन एकमेकांशी. आपसांत दहा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिन निरोगी.

फियाटला टायमिंगची चेन, मारुतीला पट्टा. पट्टा कधी बदलला ह्याची पावती नसेल तर तो बदललाच नाही असं धरून खर्चात मांडा. पंख्याचंही तसंच: फियाटचा इंजिनाबरोबर फिरतो, मारुतीचा विजेवर. गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा. मारुतीचा पंखा आपोआप लागला पाहिजे. नाही लागला तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दीत अडकल्यावर कळेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल.

सातवी पायरी: तोच रस्ता, तोच दिवस, तोच चालक

मी एकदा फियाट जानेवारीत चालवली आणि मारुती जूनच्या पावसात, आणि वर्षभर फियाटचे गोडवे गात फिरलो. तसं करू नका. एकाच सकाळी, टायरमध्ये हवा नीट भरून, दोन्ही गाड्या एकाच माणसानं चालवायच्या. टायरही बघा: एकीला जुने नायलॉन आणि दुसरीला नवे रेडियल असतील तर तुम्ही टायरांची तुलना करताय.

माझा रस्ता फोंडा ते पणजी, जुन्या वाटेनं, तीसेक किलोमीटर. फर्मागुडीचा चढ फियाट खालच्या गिअरात, गंभीरपणे चढते. तिची गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ. पहिले दोन दिवस हात वायपर शोधल्यासारखा हवेत फिरतो. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, नाहीतर दात खरडल्याचा आवाज येईल आणि मालकाचा चेहरा पडेल. मारुती तोच चढ पोराटोरासारखी पळत जाते.

मग म्हार्दोळकडे उतार. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पाय सतत दाबून ठेवलात तर ड्रम तापतात आणि पेडल जड होऊनही गाडी थांबत नाही. उतरताना ज्या गिअरात चढलात त्यातच उतरा, ही तिच्या काळातली साधी शिस्त. मंगेशीजवळ मोकळी जागा बघून, मागे कुणी नाही ह्याची खात्री करून, ताशी चाळीसवरून सरळ ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढली गेली तर ब्रेकचा लायनर किंवा सिलिंडर बघावा लागेल. थांबायला किती अंतर लागलं ते दोघींचं लिहून ठेवा. फियाटला जास्त लागणारच. त्या अंतराची सवय तुम्हाला होईल का, एवढंच विचारायचंय. आणि साठच्या दशकातल्या फियाटला सीटबेल्ट नाहीत, हेही मुलांना मागे बसवण्याआधी आठवा.

जुने गोवे ओलांडून रायबंदरच्या बांधावर आलात की दोन्ही बाजूंना पाणी आणि आडवा वारा. हा बांध १६३३–३४ मधला, मोटार नावाचं काही नसतानाचा. इथे स्टिअरिंग कळतं. फियाटच्या स्टिअरिंगच्या चाकात थोडी ढील असते, हात किंचित हलले तरी गाडी हलत नाही. मारुतीचं चाक लगेच ऐकतं पण हलकी गाडी वाऱ्यानं सरकते. ढील बोटभर असेल तर ठीक, दोन-तीन बोटं असेल तर नाही.

वेळ असेल तर परतताना जुने गोवे–दिवाडी फेरीबोटीवर दोन्ही गाड्या चढवा. त्या उतरणीवर हँडब्रेक धरतो का, क्लच घसरतो का आणि मागचा सायलेन्सर टेकतो का, हे एका मिनिटात कळतं. फेरीवरचे खलाशी आरडाओरडा करतील, मनावर घेऊ नका.

आठवी पायरी: सामान आणि मेस्त्री

मारुतीचे भाग अजून कुठल्याही गावात मिळतात. फियाटचे मुंबईहून, कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून येतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. ती टॅक्सी होती तोवर भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता ते शौकिनांपुरतं उरलंय. काच, बंपर, दिव्यांच्या क्रोमच्या कड्या आधी गोळा करा. इंजिनाचं जमवून घेता येतं.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचा विचार दोन्हींसाठी करा. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरच्या चकत्या खातं, शिवाय ओल ओढून घेतं. पेट्रोलचे सगळे पाइप बदलायचा खर्च दोघींच्या खात्यात आत्ताच मांडा.

आणि मेस्त्री किती वयाचा आहे, हे बघा. पॉइंटमधली, म्हणजे ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या भागातली, फट पत्त्याच्या जाडीवर अंदाजानं लावणारी माणसं फोंड्यात आता दोनच उरलीत. त्यांच्या हाताखाली कुणी पोरगा शिकतोय का, हे मी गाडी घेण्याआधी विचारतो.

शेवटची पायरी: जूनच्या आत

ठरवायचं काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. मे महिन्यात शेडचं काम होतं. पत्रे पुढे तीन हात ओढून घ्या, नाहीतर पश्चिमेचा पाऊस थेट बोनेटवर येतो. जमीन शेणानं सारवलेली किंवा मातीची असेल तर गाडी फरशीवर किंवा फळ्यांवर उभी करा, खालून वाफ लागत नाही. ताडपत्री गाडीला चिकटवून झाकू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी. बॅटरीची एक तार काढून ठेवा, हँडब्रेक सोडा आणि चाकांना दगड लावा, कारण ओला ड्रम दोन महिन्यांत लायनरला चिकटतो. पंधरा दिवसांतून एकदा पाऊस उघडला की दोन किलोमीटर फिरवून आणा. काकांची फियाट आणि माझी मारुती सध्या एकाच शेडमध्ये आहेत. फियाट आत, मारुती दाराशी. हे मात्र काकांनी ठरवलं.